एप्रिलमधला बर्फ आणि हिमस्खलनाचा धोका

प्रश्न (फोंडा): आम्ही चौघे एप्रिलअखेर मनालीच्या वरच्या भागात बर्फातून चालायला जाणार आहोत. दूधसागरची वाट पायाखालची असली, तरी बर्फाचा अनुभव मुळीच नाही. वितळण सुरू झाल्यावर धोका कमी होतो, हे खरे का?

उत्तर (म्हापसा): नाही, केवळ त्याचे रूप बदलते. रात्री आकाश निरभ्र असले की पृष्ठभाग गोठतो आणि पहाटे त्यावर बुटाचा ठसा जेमतेम उमटतो. पण ऊन चढले की पाणी थरांमध्ये झिरपते, त्यांची पकड सुटते आणि ओला, जड बर्फ घसरतो. पाय घोट्यापर्यंत रुतू लागला किंवा वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, तर तो उतार ताबडतोब सोडा. रात्रभर ढग राहिले असतील, त्या दिवशी मी तंबूतच थांबतो.

उत्तर (मडगाव): उताराचा कोनही मोजा, बहुतेक हिमस्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. गाडला गेलेला माणूस साधारण पहिल्या 15 मिनिटांत बाहेर निघाला, तर वाचण्याची शक्यता चांगली असते, म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग लावणारे रेडिओ उपकरण), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाजवळ हवे.

फोंडा: आभारी आहे. आमच्या यादीत चौघांत मिळून एकच फावडे होते. आणखी तीन घेतो.