‘कबुलीजबाब’ दिला, घेतला, की घेतलनीत?

रत्नागिरीहून:
माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची वही सापडली. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८मध्ये धरपकड झाली, त्यात त्यांनाही चौकशीला नेलं होतं. तीन दिवसांनी सोडलं. वहीत त्या तीन दिवसांवर एवढंच आहे: ‘जबाब झाला. पाहुणचार बरा.’ आजी मात्र सांगायची, की परत आले तेव्हा आठवडाभर मांडी घालून जेवायला बसता येत नव्हतं. ‘जबाब’, ‘जबानी’ आणि ‘कबुलीजबाब’ यांत नेमका फरक काय? आणि ‘पाहुणचार’ हा शब्द या अर्थाने तेव्हाही चालत होता का?

दापोलीहून:
कोर्टात कारकुनी केली आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचं सांगतो. जबानी म्हणजे तोंडी सांगणं. फारसी ‘जबान’ म्हणजे जीभ. पोलीस लिहून घेतात तो जबाब. तो साक्षीदाराचाही असतो, शेजाऱ्याचाही, त्यात गुन्हा कबूल केलेला असेलच असं नाही. गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला की मग कबुलीजबाब.

गंमत क्रियापदांत आहे. कबुली ‘देतात’, जबाब ‘घेतात’. दोन शब्द जोडले की दोन्ही क्रियापदं लागू होतात, आणि वाद तिथेच सुरू होतो. फिर्यादी पक्ष म्हणणार दिला, बचावाचा वकील म्हणणार घेतला. कायद्यालाही हा संशय होताच. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम २५प्रमाणे पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नव्हती. त्याच्या जागी आलेल्या २०२३च्या साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम २३मध्ये आली आहे. कबुली मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी लागते, आणि ती देण्याचं तुझ्यावर बंधन नाही, हे मॅजिस्ट्रेटने आधी सांगावं लागतं.

तुमच्या आजोबांच्याच काळातलं उदाहरण बघा. गांधीहत्येच्या खटल्यातले एक आरोपी, ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे, यांचा कबुलीजबाब फेब्रुवारी १९४८मध्ये मॅजिस्ट्रेटसमोर नोंदला गेला. कागदोपत्री सगळं रीतसर. पुढे त्यांनी तो मागे घेतला. तरी लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ला जन्मठेप दिली, आणि त्याच वर्षी सिमल्याला अपिलात ते सुटले. ‘कबुलीजबाब मागे घेणे’ हा आमच्याकडे रोजचा वाक्प्रचार. साक्षीदार मात्र ‘मागे घेत’ नाही, तो ‘फितूर होतो’. आरोपीला भाषेने जरा बरं वागवलंय म्हणायचं!

वेंगुर्ल्याहून:
पाहुणचाराचं सोडा, ‘चौदावं रत्न’ घ्या. मंगलाष्टकात ‘लक्ष्मी कौस्तुभ पारिजातक’ म्हणतात ना, त्यातली रत्नं बोटांवर मोजा. चौदावं येतं अमृत. पोलीस ठाण्यात तेच चौदावं रत्न म्हणजे चाबूक. ‘प्रसाद’, ‘पूजा’, ‘सरबराई’ हे सगळे त्याच घरातले. मार खाणाऱ्याने यातला एकही शब्द काढला असेल असं वाटत नाही. आजोबांनी वहीत लिहिलाय तो पोलिसांच्या तोंडून उचललेला असावा. किंवा वही पुन्हा कुणी तपासली तर, म्हणून.

दापोलीहून:
‘बोलतं करणे’ राहिलं. गांधीहत्येच्या कटातला मदनलाल पाहवा २० जानेवारी १९४८ला बिर्ला भवनातल्या स्फोटानंतर पकडला गेला. हत्या झाली ३०ला. मधल्या दहा दिवसांत तो काय बोलला आणि त्याचं पुढे काय केलं, हे या कटाच्या चौकशीसाठी नेमलेला कपूर आयोग १९६६ ते १९६९ उकरत होता. लोकांचा संशय तेव्हापासून दुहेरी: बोलतं करायला काय केलं, आणि बोलला ते कानावर का घेतलं नाही. पहिल्याला मराठीत डझनभर शब्द आहेत. दुसऱ्याला ‘कानाडोळा’ एवढाच.

रत्नागिरीहून:
वेंगुर्लेकर, ‘वही तपासली तर’ हे डोक्यातच आलं नव्हतं. आता आजीचं वाक्य नीट आठवून लिहितो. ती ‘त्यांना मारहाण झाली’ असं कधीच म्हणाली नाही. म्हणायची, “मारलनीत, नि मग सही करून घेतलनीत.” वर्तमानपत्री मराठीत ‘मारहाण झाली’, ‘कबुली घेण्यात आली’. कुणी, ते वाक्यात शोधून सापडत नाही. आमच्या बोलीत ‘त्यांनी’ गाळलं तरी ते ‘नीत’मध्ये चिकटून बसलेलं असतं. एकटा असता तर ‘मारलान’. म्हणजे हात उचलणारे एकाहून जास्त होते, हेही आजी दर वेळी सांगत होती आणि आम्ही ते व्याकरण म्हणून सोडून देत होतो.

वेंगुर्ल्याहून:
आमच्याकडे ‘मारल्यान’ आणि ‘मारल्यानी’. तेच.

रत्नागिरीहून:
रायगडातलं कुणी आहे का? अलिबाग-मुरुडकडच्या आगरी, कोळी बोलीत असं वाक्य कसं करतात?