रेने रिचर्ड्स केस नक्की कशावर जिंकली?

डावखुरा_सातारकर
अनाया बांगरच्या (क्रिकेटर संजय बांगरची ट्रान्स मुलगी) बातमीखाली कोणीतरी कमेंट टाकली होती की हे सगळं अमेरिकेत १९७७ लाच कोर्टात होऊन गेलंय, रेने रिचर्ड्स म्हणून ट्रान्स टेनिस प्लेयर होती. मला ती फक्त नवरातिलोवाची कोच म्हणून माहीत. कोर्टाने नक्की काय म्हटलं होतं? ऑपरेशन केलं की कोणीही बायकांमध्ये खेळू शकतं, असं? आणि तेव्हाच निकाल लागला होता तर २०२३ ला आयसीसीने ट्रान्स बायकांना महिला क्रिकेटचं दार परत का लावलं? माहिती असणाऱ्यांनीच लिहा प्लीज, मारामारी नको.

फोरहँड काकू
अहो ती बाई म्हणजे अजब रसायन. डोळ्यांची सर्जन, कॉलेजात येलच्या पुरुष टीमची कॅप्टन, उंची सहा फुटांच्या वर आणि डाव्या हाताची सर्व्हिस. १९७५ ला लिंगबदलाचं ऑपरेशन झालं, न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियात नवीन नावाने प्रॅक्टिस सुरू केली, तिथे कोणाला काही पत्ता नाही. गप्प राहिली असती तर खपून गेलं असतं पण रॅकेट काही सुटेना. ७६ च्या जुलैत ला होयाची स्पर्धा जिंकली आणि एका टीव्ही रिपोर्टरने सगळं बाहेर काढलं.
मग ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत साउथ ऑरेंजच्या स्पर्धेला बोलावलं तर ३२ पैकी २५ जणींनी नावं काढून घेतली!! आणि एवढा गोंधळ होऊन ही सेमीफायनलला हरली कोणाकडून, तर ली अँटोनोप्लिस नावाच्या १७ वर्षांच्या पोरीकडून.
यूएस ओपनला खेळायचं म्हटल्यावर अमेरिकेच्या टेनिस असोसिएशनने क्रोमोसोम टेस्ट आणली. त्याआधी त्यांच्या नॅशनल चॅम्पियनशिपच्या ९५ वर्षांत असली टेस्ट कधीच नव्हती, आणि केस खरी इथे फिरली. जज आस्क्योनेंनी १६ ऑगस्ट १९७७ ला सांगितलं की ही टेस्ट हिला बाहेर ठेवायलाच आणलीय, आणि न्यूयॉर्कच्या मानवी हक्क कायद्यात हे बसत नाही. म्हणजे कोणीही या असं नाही, फक्त तेवढी एक टेस्ट लावून हिला अडवू नका. टेनिस चॅम्पियन बिली जीन किंगने ॲफिडेव्हिट दिलं होतं की मी हिच्याबरोबर डबल्स खेळलेय, हिला ताकदीचा काही जास्तीचा फायदा नाही. त्या काळात हे लेखी द्यायला जिगर लागते.

स्लाइडवाली
+१ काकू. लॅबमध्ये काम करते म्हणून टेस्टबद्दल थोडं. गालाच्या आतून खरवडून पेशी घ्यायच्या, काचेवर पसरवायच्या, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली पेशीकेंद्राच्या कडेला चिकटलेला गडद ठिपका शोधायचा, तो म्हणजे झोपी गेलेला दुसरा एक्स क्रोमोसोम, ठिपका दिसला तर बाई. ऐकायला सोपं, पण एक्सएक्सवाय (एक जास्तीचा एक्स असलेल्या) पुरुषात पण तो ठिपका असतो आणि टर्नर सिंड्रोमच्या (एकच एक्स असलेल्या) बाईत नसतो, म्हणजे तो पुरुष पास आणि ही नापास. स्पेनची हर्डलर मारिया होसे मार्टिनेझ पाटिन्यो १९८५ ला अशाच टेस्टमध्ये अडकली, बिचारीला आयुष्यभर कधी शंकासुद्धा आली नव्हती, परत मान्यता मिळायला ८८ उजाडलं. शेवटी ऑलिंपिकवाल्यांनी १९९९ मध्ये ही भानगड बंद केली. आणि आता २०२५ पासून वर्ल्ड ॲथलेटिक्सने जीन टेस्ट आणलीय, एसआरवायची (पुरुषाचं शरीर घडवायला सुरुवात करणारा जीन), परत गालातूनच काडी. फिरून फिरून भोपळे चौकात.

सह्याद्रीचा_वारा
सगळं मान्य पण दुसरी बाजू कोणी सांगत नाही. खुद्द रेनेबाईंनीच नंतर मत बदललं. म्हणाल्या होत्या की बाविशीत ऑपरेशन करून चोविशीत खेळायला आले असते तर एकही बाई माझ्या जवळपास आली नसती. कोर्टात गेल्या तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या, त्यामुळे फायदा होता की नव्हता ते वयानेच झाकलं गेलं. आयसीसीचा नियम पण तेच बघतो, वयात येताना शरीर पुरुषाचं होतं का. ट्रोल करत नाहीये, पण ज्या २५ जणींनी नावं काढली त्या सगळ्याच दुष्ट होत्या असं मला नाही वाटत.

फोरहँड काकू
वारा, दुष्ट कोणी म्हटलंच नाही हो. पण भीती काय घातली होती ते बघा, एकीला सोडलं की मागून रांग लागेल आणि बक्षिसाचा पैसा पुरुष घेऊन जातील. प्रत्यक्षात काय झालं? निकालानंतर पंधरा दिवसांत यूएस ओपनला पहिल्याच राउंडला व्हर्जिनिया वेडने ६-१, ६-४ ने घरी पाठवलं. डबल्सला मात्र बेटी ॲन स्टुअर्टबरोबर फायनल गाठली आणि नवरातिलोवा-स्टोव्ह जोडीकडून हरली. सिंगल्समध्ये रँकिंग फार तर २० पर्यंत गेलं. रांग वगैरे काही लागली नाही. तिचं नंतरचं मत मला पण खरं वाटतं, पण म्हणून ७७ चा निकाल चुकीचा ठरत नाही, कारण जजसमोर चोविशीतली कोणी नव्हतीच, ही एकटी होती.

डावखुरा_सातारकर
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे आपली धावपटू दुती चंदची केस पण हीच का?

स्लाइडवाली
नाही नाही, ते मिसळू नका. दुती ट्रान्स नाही, जन्मापासून मुलगीच, तिचा वाद शरीरात आपोआप बनणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचा होता आणि त्यावर २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने निकाल दिला. त्याचा वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटेल.

सह्याद्रीचा_वारा
काकू, मुद्दा घेतला. अवांतर, ही बाई त्या भांडखोर टेनिसवाल्या नास्तासेबरोबर मिक्स्ड डबल्स पण खेळलीय म्हणे. तो कोर्टवर गप्प बसला असेल का हो 😄

फोरहँड काकू
नास्तासे आणि गप्प!