बाबांना बोलवायचं तर गुरुवारी

बाळाला वरचं खाणं कसं द्यायचं हे शिकवणाऱ्या अंगणवाडीच्या बैठकीला ‘वडील येतच नाहीत’ अशी तक्रार असते. ती खरी, पण बैठक सकाळी अकराला ठेवल्यावर येणार कोण? पुण्याजवळच्या भोसरीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, तो दिवस धरा. आणि भाषण नको, हातात वाटी-चमचा द्या. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरचं खाणं दिवसातून दोन-तीनदा, आधी दोन-तीन मोठे चमचे, मग वाढवत २५० मिलीची अर्धी वाटी. घट्टपणा असा की चमचा तिरका केला तरी घरंगळू नये. डाळीचं वरचं पाणी पाजलं की इवलंसं पोट भरतं, पण ऊर्जा मिळत नाही.

धोका एकच: शिकून गेलेले बाबा आईवरच देखरेख करू लागतात. म्हणून ‘लक्ष ठेवा’ न सांगता रात्रीचं भरवणं त्यांच्याकडे द्यावं, वाटी घासण्यासकट.