कुंडी बदलली आणि ऑर्किड आजारलं : तुमचा अनुभव सांगा

ऑर्किडची कुंडी बदलणं दिसायला सोपं. जुनी साल (मातीऐवजी कुंडीत भरतात ते झाडाच्या सालीचे तुकडे) झटकायची, वाळकी मुळं कापायची, नवी साल भरायची. पुढे पानं लोळायला लागली की मात्र काही सुचत नाही आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. म्हणून हा धागा. कोणतं ऑर्किड होतं, कुंडीतून काढल्यावर मुळं कशी दिसली, तुम्ही काय केलंत आणि रोप जगलं की गेलं, एवढं लिहा. गेलेल्या रोपांबद्दल तर जरूर लिहा. त्याबद्दल कुणी बोलत नाही, त्यामुळे आपलं सोडून सगळ्यांची रोपं जगतात असं वाटत राहतं.

सुरुवात मीच करते. आमच्याकडचं फलेनॉप्सिस आहे, म्हणजे रुंद जाड पानांचं, लांब दांड्यावर फुलं येणारं, घरोघरी सर्वांत जास्त दिसणारं ऑर्किड. नव्या सालीत बसवल्यावर काही आठवड्यांत पानांवर सुरकुत्या दिसू लागल्या. सुरकुती म्हणजे तहान, हे खरंच. पण बोट खुपसून पाहिलं तर साल ओली. पाणी आहे आणि तरीही रोप तहानलेलं आहे, म्हणजे ते पाणी वर चढवणारंच कुणी उरलेलं नाही. कुंडी उपडी केली. निम्म्याहून जास्त मुळं पोकळ होती. चिमटीत धरून ओढलं की बाहेरचं आवरण मोज्यासारखं निघून यायचं आणि हातात नुसता दोरा राहायचा.

ही मुळं मातीसाठी घडलेलीच नाहीत. रानात ती झाडाच्या खोडाला चिकटून उघड्या हवेत असतात. त्यांच्यावर पांढरट जाड आवरण असतं, ते पावसाचं पाणी पटकन शोषून घेतं आणि पटकन सुकतंही. सतत ओलं राहिलं की मुळाला हवा मिळत नाही, ते गुदमरतं आणि मग सड लागते. अशा वेळी सुरकुत्या बघून पाणी वाढवलं तर उरलेली मुळंही जातात. मी कुजलेलं सगळं कापलं, टणक होतं तेवढं ठेवलं आणि आधीपेक्षा लहान कुंडी घेतली. कुंडी मुळांच्या मापाची हवी, पानांच्या नव्हे. रोप आज ठीक आहे.

* * *

वरच्या अनुभवाला माझी पुस्ती. बहिणीने दिलेलं रोप वरून पाहिलं तर नव्या, कोरड्या सालीत छान बसवलेलं होतं. तरी पानं एकेक करून पिवळी पडत होती. सोडवून पाहिलं तर मुळांच्या अगदी मध्यभागी, बुडख्याला घट्ट चिकटून, मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या सुकवलेल्या शेवाळाचा, एक जुना गोळा निघाला. रोपवाटिकेत लहानपणी ज्या मॉसमध्ये रोप वाढवतात तो तसाच आत राहून गेलेला. भोवतालची साल दोन दिवसांत सुकायची, पण हा गोळा आठवडाभर ओला राहायचा. बाहेरची मुळं धडधाकट आणि आतली काळी. कोमट पाण्यात बराच वेळ भिजवून, चिमट्याने धागा धागा काढावा लागला. कुंडी बदलताना हा गोळा शोधाच. बरेच जण मुळं दुखावतील म्हणून मधला भाग तसाच ठेवतात, आणि नेमका तोच भाग कुजतो.

* * *

माझ्या रोपाला मूळच उरलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. बुडख्याला बोटाच्या पेरापेक्षा लहान असे दोन खुंट, आणि वर चार मलूल पानं. शेजारच्या काकूंनी टाकून द्यायला काढलेलं, मी मागून आणलं. थोडं सविस्तर लिहितो, कारण पिशवीचा उपाय अर्धवट ऐकून केला की बुरशी येते.

स्फॅग्नम मॉस भिजवून मुठीत पिळलं, इतकं की एकही थेंब पडू नये. लोक इथेच घोटाळा करतात. ओलं मॉस नको, दमट मॉस हवं. पारदर्शक पिशवीत तळाला मॉसचा थर दिला आणि त्यावर रोप असं ठेवलं की बुडखा मॉसला जेमतेम टेकेल, पण पानं टेकणार नाहीत. पिशवीचं तोंड बांधलं. उजेड भरपूर, ऊन अजिबात नाही, कारण बंद पिशवी उन्हात तापली की रोप आतल्या आत शिजतं. ऊब मात्र लागते. साधारण २२ ते २८ अंशांत मुळं फुटतात, गारठ्यात रोप ढिम्म बसून राहतं.

यामागचं गणित असं. रोपाला पाणी घेता येत नाही, तर निदान पाण्याचा खर्च थांबवायचा. पिशवीतली हवा दमट असली की पानांतून पाणी उडून जात नाही. फलेनॉप्सिस पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतं, म्हणून दिवसभर बंद ठेवून रात्री पिशवी उघडी टाकण्यात काही अर्थ नाही. मी दर तीन-चार दिवसांनी थोडा वेळ उघडायचो, हवा बदलायची, पांढरी बुरशी दिसली तर तेवढं मॉस काढून टाकायचं, आणि पुन्हा बंद. खत नाही. मुळं नसताना खत घालून ते घेणार कोण?

सर्वांत खालचं पान पिवळं पडलं. ते ओढून काढायचा मोह होतो. काढलं नाही, कारण रोप त्यातलं पाणी आणि अन्न शोषून घेत असतं. ते स्वतःहून सुकून गळलं. दोनेक महिने काहीच घडलं नाही. मग बुडख्याशी, जुन्या खुंटाच्या जरा वर, एक हिरवट टोक दिसलं. ते बोटभर लांब होईपर्यंत पिशवीतच ठेवलं. नंतर पिशवीचं तोंड आधी थोडं आणि मग पूर्ण उघडं, असं हळूहळू बाहेरच्या हवेची सवय केली. जुन्या पानांच्या सुरकुत्या पूर्ण गेल्या नाहीत आणि जाणारही नाहीत. त्यांच्याकडे बघून रोपाची तब्येत ठरवू नका. नवं पान टणक येतंय का, ते बघा.

* * *

दालचिनीबद्दल बोलायलाच हवं. जिकडे तिकडे सांगतात, मुळं कापली की दालचिनीची पूड लावा. दालचिनी बुरशी रोखते, मान्य. पण ती ओल शोषूनही घेते. पानाच्या कापावर ठीक आहे, जिवंत मुळांवर भुरभुरलीत तर उरलेली मुळंही वाळतील. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. फेस आला की लोकांना वाटतं जंतू मरतायत. फेस जिवंत पेशींवरही येतो. मी काहीही लावत नाही. कापून झालं की रोप रात्रभर सावलीत उघडं ठेवते, काप सुकतो, मग लावते.

मी सोवळं पाळते ते पात्याचं. एका रोपावरून दुसऱ्यावर जाताना पातं ज्योतीवर धरून लाल करते. ऑर्किडना आजारी पाडणारा सिंबिडियम मोझॅक विषाणू पात्याला लागलेल्या रसातून पसरतो आणि त्यावर औषध नाही. नुसत्या स्पिरिटच्या पुसण्यावर माझा भरवसा नाही.

* * *

ताई, दालचिनीचं पटलं. पण जखमी बुडखा असेल तर मी अजूनही चिमूटभर लावतो, मुळांना लागू न देता.

* * *

स्लिपर ऑर्किडवाल्यांसाठी एक इशारा. स्लिपर ऑर्किडची, म्हणजे पॅफिओपेडिलमची, निरोगी मुळंही तपकिरी आणि केसाळ असतात. फलेनॉप्सिसची पांढरी-हिरवी मुळं पाहायची सवय असलेली माझी मैत्रीण मदतीला आली आणि कात्री घेऊन सगळी "मेलेली" मुळं कापायला निघाली होती. दाबून बघा, टणक असेल तर जिवंत. या ऑर्किडला मुळं मोजकीच असतात आणि पाणी साठवायला फुगीर खोडही नसतं, त्यामुळे एकेक मूळ मोलाचं. नंतर ते फार कोरडंही पडू देऊ नका.

* * *

माझं डेंड्रोबियम. कुंडी बदलल्यावर सगळी पानं गळली, उसासारख्या कांड्या तेवढ्या उभ्या राहिल्या. मी टाकणार होते, सासूबाई म्हणाल्या, "कांडी हिरवी आहे तोवर थांब." ऐकलं ते बरं झालं. मुळं सगळी गेली होती, पण कांड्यांत ओलावा होता. त्या कापून दमट मॉसवर आडव्या ठेवल्या, वर झाकण. कांडीच्या पेरापेरावर डोळे असतात, त्यातल्या दोन डोळ्यांतून पिल्लं आली. पिल्लाला स्वतःची मुळं बोटभर झाल्यावरच वेगळं केलं. आईरोप वाचलं नाही, पण तिच्याच दोन लेकी आता खिडकीत आहेत. त्यांना अगदी लहान कुंड्या दिल्यात. डेंड्रोबियमला दाटीवाटी आवडते.

एक मात्र बघा. काही जातींची डेंड्रोबियम विश्रांतीच्या काळात आपणहून पानं टाकतात. तो आजार नाही, उगाच उपटून मुळं तपासू नका.

* * *

माझा अनुभव दोन ओळींचा. सगळं नीट केलं तरी नवी मुळं यायची आणि टोकं काळी पडायची. कारण एवढंच की रोप कुंडीत डुगडुगत होतं. कुंडी उचलली की हलायचं आणि मुळाचं कोवळं टोक सालीवर घासून मरायचं. काडी रोवून बुडखा बांधला, तेव्हा मुळं टिकली.

* * *

वांडा, म्हणजे मुळं हवेत लोंबती ठेवून वाढवतात ते ऑर्किड, असलेल्यांनी वरचे पिशवी आणि मॉसचे उपाय तसेच्या तसे करू नयेत. मला भेट मिळालेला वांडा कुणीतरी कुंडीत, नारळाच्या भुशात गच्च दाबून बसवला होता. जाडजूड मुळं आतून मऊ झाली होती. सगळा भुसा धुऊन काढला, सडलेलं कापलं आणि रोप रिकाम्या टोपलीत टांगलं, आत काही न भरता. रोज सकाळी मुळं बादलीत बुडवायची, चंदेरी रंगाची हिरवी होईपर्यंत, आणि मग निथळू द्यायची. पुढच्या पाण्यापर्यंत ती पुन्हा चंदेरी झाली पाहिजेत. पहिले काही महिने खालची पानं गळत राहिली आणि रोप खालून भुंडं झालं. वरून वाढतंय, एवढ्यावर समाधान.

* * *

गेलेल्या रोपाचा अनुभव मागितलाय तर लिहितो. मुळांचं संकट संपून फलेनॉप्सिसला दोन नवी मुळं आली होती. मी गावाला गेलो असताना घरच्यांनी प्रेमाने वरून पाणी घातलं आणि ते पानांच्या मधोमध साचून राहिलं. आलो तेव्हा मधलं पान हलक्या हाताने निघून आलं, खाली तपकिरी आणि वास. फलेनॉप्सिस एकाच शेंड्यातून वाढतं, शेंडा सडला की वरची वाढ संपली. कधी कधी बुडख्यातून नवा फुटवा येतो, म्हणून बरेच महिने ठेवलं. नाही आला. आता घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोंग्यात पाणी दिसलं की टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या.

* * *

एक प्रश्न. वाचवलेल्या रोपाला तीनच मुळं आहेत आणि दांडा यायला लागलाय. ठेवू की कापू?

* * *

कापा. मरायला टेकलेली रोपंही कधी कधी शेवटची शक्ती फुलांत घालतात, तीन मुळांना दांडा पोसवत नाही. कळ्या फुगल्या असतील तर दांडा पाण्याच्या बाटलीत ठेवा, फुगलेल्या बहुतेक उमलतात.

* * *

मी नाही कापणार. पानं टणक असतील आणि नवं मूळ वाढतं असेल तर दोन-तीन कळ्या ठेवून पुढचा शेंडा खुडा. पानं मऊ पडायला लागली तर मात्र त्याच दिवशी कात्री.