"एफ-टू दाबा, झालं" म्हणणाऱ्यांना: ढिगानं फायलींची नावं बदलायला सॉफ्टवेअर का लागतं

वडगाव स्टुडिओ:
काल इथं खडेबाजारच्या डीटीपीवाल्यांनी लिहिलंय, "फायलींची नावं बदलायला सॉफ्टवेअर निवडत बसणारे रिकामटेकडे. सगळ्या सिलेक्ट करा, एफ-टू दाबा, नाव टाका, एंटर. विंडोज एक्सपीपासून आहे. बाकी सगळी शोबाजी." रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक घ्या. दोन कॅमेरे आणि एक मोबाईल. दोन्ही कॅमेऱ्यांत डीएससी_०४१२ नावाची फाईल असते, कारण दोघंही ९९९९ झाले की परत ०००१ वर येतात. मिरवणूक रात्रभर चालते, बारा वाजले की तारीख बदलते. आता एफ-टू मारा. "मिरवणूक (१)", "मिरवणूक (२)" असं सगळं होणार, आणि क्रम कुठला, तर त्या वेळी स्क्रीनवर जसा लागलेला असेल तो. कॅमेऱ्याचा मूळ नंबर कायमचा गेला. लग्नाच्या कामात तर गिऱ्हाईक अल्बमचे फोटो नंबरावरूनच निवडून पाठवतं. ०४१२ घ्या, ०४३८ घ्या. तो नंबर पुसला तर निवड कुणाच्या भरवशावर करायची? वर एफ-टूच्या आकड्यांना पुढं शून्य नसतं. विंडोजला १ नंतर २ कळतं, पण पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की बऱ्याच ठिकाणी १, १०, ११ आणि मग २. मंगलाष्टकाच्या आधी वरात.

माझ्या लेखी सॉफ्टवेअर निवडायची कसोटी तीन गोष्टींची. बदलायच्या आधी जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी दाखवतं का. बदलल्यावर मागं घेता येतं का, आणि तेही उद्या सकाळी. मूळ नंबर ठेवून पुढं तारीख जोडता येते का. रोजच्या कामाला पॉवररीनेम, मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या विंडोजच्या जोड-साधनांच्या संचातलं. फुकट आहे, राइट क्लिकमध्ये येतं, दोन रकान्यांत आधी दाखवतं. फोटो काढल्याची तारीख-वेळ घालायला ॲडव्हान्स्ड रीनेमर, त्यात केलेला बदल नंतरही उलटवता येतो. बल्क रीनेम युटिलिटी ताकदीचं आहे, पण सगळे खण एकाच स्क्रीनवर कोंबलेत, नवीन पोराला त्यापुढं बसवू नका. आणि ही शेवटची दोन्ही धंद्यासाठी फुकट नाहीत, लायसन घ्यावं लागतं. इथं बरेच जण ते सांगत नाहीत.

खडेबाजार डीटीपी:
शोबाजी म्हणालो, आजही म्हणतो. तुमचं काम फोटोचं. माझ्याकडं दिवसभर लोक उतारा, आधार, मार्कशीट घेऊन येतात. "स्कॅन करा, पीडीएफ करा, लगेच पाठवा" म्हणत डोक्यावर उभे असतात. त्यांना तुमचे रकाने दाखवत बसू?

आणि सॉफ्टवेअरचा अनुभव आहे मला. दुकानातल्या पोरानं कुठून तरी एक फुकटचं उतरवलं. नावातले टिंब काढून तिथं मोकळी जागा घालायला सांगितली. नावांच्या शेवटचं, पीडीएफच्या आधीचं टिंबही गेलं. अख्खा फोल्डर पांढऱ्या कोऱ्या चित्रांचा झाला, एकही फाईल उघडेना. गिऱ्हाईक समोर उभं. वर त्या सॉफ्टवेअरनं ब्राउझरमध्ये आपली पट्टीही चिकटवली, ती काढायला आणखी वेळ. एफ-टूनं असला प्रकार कधी केला नाही. आणि कंट्रोल-झेड आहेच की.

वडगाव स्टुडिओ:
अहो, पण हेच तर मी म्हणतोय! जुनं-नवं शेजारी दिसलं असतं तर पोरगा बटण दाबायच्या आधीच ओरडला असता. पॉवररीनेममध्ये "फक्त नाव बदल, एक्स्टेंशनला (टिंबानंतरच्या पीडीएफ वगैरे शेपटीला) हात लावू नको" असं निवडता येतं. आणि तुमचं कंट्रोल-झेड मशीन बंद करेपर्यंतच. संध्याकाळी नावं बदलली, सकाळी गिऱ्हाईकानं चूक दाखवली, मग काय उलटवणार? कुठलंही सॉफ्टवेअर कुठूनही उतरवायचं आणि दोष सगळ्यांना द्यायचा, हे बरोबर नाही.

निपाणीकर:
दोघांनाही माऊस सोडवत नाही. लिनक्स या विंडोजऐवजीच्या प्रणालीवर रीनेम कमांड आहे, तिला एन लावलं की काय होणार ते नुसतं दाखवते, करत काही नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या पडद्यात, व्हॉट-इफ लावा, तेच. तीच ओळ फाईलमध्ये ठेवली की पुढच्या वर्षी तेच काम परत. कुठलं बटण दाबलं होतं ते आठवत बसायला नको. फोटोच्या आत साठवलेल्या तारखांना एक्झिफटूल ही कमांड. एका कॅमेऱ्याचं घड्याळ तासभर पुढं असेल तर तेवढ्याच फोटोंची वेळ मागं घेतो, मग दोन्ही कॅमेऱ्यांची एक रांग लागते. स्टुडिओवाले, तुमच्या मिरवणुकीला खरं तर हे लागतंय. घड्याळंच जुळली नाहीत तर नावात तारीख घालून क्रम कसा लागणार?

वडगाव स्टुडिओ:
घड्याळाचं खरं आहे. दोन कॅमेरे असतील तर ते आधी जुळवावंच लागतं. पण काळ्या पडद्यावर हात थरथरणारी माणसं आहेत इथं, त्यांना ओळी टाईप करायला सांगू नका.

खानापूरचे गुरुजी:
या वादात एक मूळ गोष्ट राहिलीय. फायलींची नावं रोमनमध्येच ठेवा. आमच्या शाळेची जुनी जनरल रजिस्टरं स्कॅन केली, कुणी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलं की पान लगेच सापडावं म्हणून. एका उत्साही शिक्षकानं सगळी नावं देवनागरीत दिली. विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख, सगळं एकाच नावात. तो फोल्डर नेटवर्कवरच्या डबीत (सगळ्या मशिनींना जोडलेल्या साठवणीच्या डिस्कवर) कॉपी करायला गेलो, तर निम्म्या फायली जाईनात. त्या डबीत आत लिनक्स असतं, तिथं नावाला २५५ बाइटची मर्यादा. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीचं तीन. म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळं धरून फक्त ८५. विंडोजनं त्याच नावांना काही म्हटलं नव्हतं. शिवाय जुन्या पद्धतीची झिप केली की उघडणाऱ्याला नावांच्या जागी कचरा. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, नाव रोमनमध्ये द्या.

उचगाव वाचनालय:
गुरुजी, हे तुमच्याकडून ऐकायचं? गावागावातले कार्यक्रम, उचगाव-कडोली-येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांचे जुने फोटो, पत्रिका, अध्यक्षांची भाषणं आम्ही जमवायलोय. ती सगळी मराठी. दुकानाच्या पाटीवरनं मराठी मागं ढकललं जातंय, कचेरीत अर्ज मराठीत दिला की परत येतो, आणि आता आपल्याच घरच्या कॉम्प्युटरात आपणच नाव इंग्रजीत लिहायचं?

आणि रोमन सोपं आहे हे कुणी सांगितलं? येळ्ळूर रोमनमध्ये एकजण एका एलनं लिहितो, दुसरा दोन एलनं, तिसरा वाय सोडून देतो. बेळगावचंच बघा. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं नाव बदललं, तेव्हापासून निम्म्या फायलींवर जुनं स्पेलिंग, निम्म्यांवर नवं. शोधायला गेलं की अर्धंच हाती लागतं. देवनागरीत येळ्ळूर एकाच तऱ्हेनं लिहितात.

चिकोडी वकील ऑफिस:
आमच्याकडं एकाच पक्षकाराच्या फायली कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही लिपींत येतात. उतारा कन्नडमध्ये, जुनं खरेदीखत मोडीत, वकीलपत्र इंग्रजीत. एका सरकारी पोर्टलवर देवनागरी नावाची पीडीएफ चढतच नाही, "अमान्य फाईल" म्हणतं, कारण सांगत नाही. शेवटच्या दिवशी मुदत संपायला आली असताना हे होतं, तेव्हा अस्मिता सुचत नाही अक्का, नाव बदलायचं सुचतं. पुढं केस नंबर, मग वर्ष, मग तीन इंग्रजी अक्षरांत कागदाचा प्रकार. लिपीचा संबंधच ठेवला नाही.

उचगाव वाचनालय:
पोर्टलपुरतं वेगळं नाव द्या की, कोण नको म्हणतंय. एका पोर्टलला मराठी झेपत नाही म्हणून सगळ्या गावानं मराठी सोडायची का?

खानापूरचे गुरुजी:
बाई, सीमाभागात मराठी शाळा टिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. मुलं कमी झाली की शाळा बंद व्हायची पाळी येते, ती टाळायला घरोघर फिरलेला माणूस आहे मी. मला मराठीचं प्रेम शिकवू नका. दाखला मागायला आलेल्या म्हाताऱ्याला पान सापडलं पाहिजे, तेवढंच मला बघायचंय. आणि देवनागरीत एकाच तऱ्हेनं लिहितात म्हणता, तर आमच्या फोल्डरात "कऱ्हाडे" शोधा. पान समोर दिसतंय, संगणक म्हणतो नाही.

निपाणीकर:
गुरुजी, त्याचं कारण आहे आणि ते दुरुस्त होतं. "ऱ्ह" मधला अर्धा र दोन रीतींनी टाईप होतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलंत. दुसरी, साधा र, हलंत आणि त्यापुढं डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. दोन्ही सारखंच दिसतं, संगणकाला दोन वेगळे शब्द. कुणी संगणकाचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरतं, कुणी मोबाईलचा, त्यातून हे होतं. जुन्या मॅकच्या डिस्कवरून फायली आल्या असतील तर तिसरी रीत, कारण तिथं ऱ फोडून र आणि खाली नुक्ता (टिंब) असा साठवतात. "ॲड." मधला ॲ बघा. एक सबंध अक्षर, नाहीतर अ वर चंद्र. तेही दिसायला सारखंच.

खानापूरचे गुरुजी:
म्हणजे मी म्हणतो तेच खरं ठरलं. देवनागरीत भानगड आहे.

उचगाव वाचनालय:
भानगड कीबोर्डांची आहे, लिपीची नाही. रोमनमध्ये दोन एल की एक, ते कुठली कमांड ठरवणार? निपाणीकर म्हणतात ते तरी दुरुस्त होतंय.

वडगाव स्टुडिओ:
होतंय, आणि इथंच ढिगानं नावं बदलणारं सॉफ्टवेअर कामाला येतं. एक रीत ठरवायची, बाकीच्या सगळ्या रीती शोधून तीत बदलायच्या. पाच-सहा शोध-बदल एकापाठोपाठ लावायचे आणि ती यादी साठवून ठेवायची. ॲडव्हान्स्ड रीनेमरमध्ये अशी यादी साठवता येते. महिन्याला नवीन स्कॅन आले की तीच यादी लावायची. एफ-टूनं हे जन्मात होणार नाही, खडेबाजार.

खडेबाजार डीटीपी:
माझ्याकडं कऱ्हाडे कुणी शोधत नाही, दुसऱ्या दिवशी फोल्डर पुसतो मी. पण लग्नपत्रिकांच्या फायली ठेवतो, आणि तिथं मागच्या हंगामाची पत्रिका काढायला अर्धा दिवस जातो हे खरं. एका मशीनवर पॉवररीनेम घालून बघतो. मायक्रोसॉफ्टचं आहे म्हणून, तुम्ही सांगितलं म्हणून नाही. बाकीच्या मशिनींवर एफ-टूच राहणार.

निपाणीकर:
अजून एक. दोन फायलींना एकच नवीन नाव आलं तर काय होतं ते आधी बघा. लिनक्सवर रीनेम कमांडची एक जात अशी फाईल न बदलता सोडून देते, दुसरी तसं करेलच असं नाही, आणि फाईल हलवायची साधी एमव्ही कमांड न विचारता पहिली फाईल पुसून त्यावर दुसरी बसवते. शाळेच्या रजिस्टरात एकाच नावाची दोन मुलं असणारच. मूळ फोल्डरवर कधी करू नका, कॉपीवर करा, मोजदाद जुळली की मगच जुनं हलवा.

खानापूरचे गुरुजी:
त्यासाठीच रजिस्टर नंबर पुढं हवा. नाव सारखं असलं तरी नंबर वेगळा. फाईलला फक्त नंबर देतो, पाच आकडी, पुढं शून्यं भरून. मराठी नावं एक्सेलच्या यादीत राहतील, तिथं लांबीची अडचण नाही.

उचगाव वाचनालय:
आणि यादी हरवली की? फोटो एका पेनड्राइव्हवर, यादी दुसऱ्याच्या मशीनवर, माणूस बदलून गेला. मग ००४१७ म्हणजे कोण? नाव फाईलवरच पाहिजे.

चिकोडी वकील ऑफिस:
नंबर आधी, त्यापुढं मराठीत फक्त आडनाव आणि गाव. ८५ च्या आत आरामात बसतं. बापाचं नाव, जन्मतारीख यादीत. दोघांचंही होईल.

उचगाव वाचनालय:
असं असेल तर आमच्या फोटोंना चालेल. वर्ष, गाव, कार्यक्रम, एवढंच नावात ठेवू. भाषणांचे मथळे लांब आहेत, ते यादीत. निपाणीकर, ती ऱ आणि ॲ ची बदलायची यादी इथंच टाका, सगळ्यांच्या उपयोगाची आहे.

निपाणीकर:
रात्री टाकतो. ते जोडचिन्ह दिसत नसल्यामुळं हातानं टाईप करू नका, माझ्या फाईलमधनं उचलून चिकटवा. आणि ते चिन्ह सरसकट पुसू नका. फक्त र-हलंताच्या पुढं असेल तेव्हाच बदला. दुसऱ्या जोडाक्षरांत कुणी मुद्दाम वापरलेलं असतं.

खानापूरचे गुरुजी:
आडनाव आणि गाव मराठीत ठेवायला माझी ना नाही, पण आधी मागच्या खोलीतल्या डबीत एक फोल्डर कॉपी करून बघणार. गेल्या तर ठीक, नाही गेल्या तर फक्त नंबर.