कॅसेटमधून निघाला कृष्णेचा गाळ

बी-२०४: मंडळी, दिवाळीची साफसफाई काढलीये. माळ्यावरच्या ट्रंकेत लहानपणीचा टीव्ही गेम सापडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घरात पाणी शिरलं, तेव्हा ही ट्रंक पाण्यातच होती. आईनं वरवर पुसून ठेवली आणि आम्ही इकडं विश्रामबागला आलो. तेव्हापासून उघडलीच नव्हती. आज गेमच्या कॅसेटचे स्क्रू काढले तर आत कृष्णेचा गाळ. वाळून पापडी झालाय.

सी-३०३: फेकू नका ओ! पाण्यानं कॅसेट लगेच मरत नाही. आत हिरव्या पट्टीवर डांबरासारखा काळा थेंब दिसतोय का? चिप त्याच्याखाली बंद असते. गाळ मऊ ब्रशनं झाडा. खालच्या पितळी दातांवर खोडरबर हलक्या हातानं फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आणि फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्यानं दात गंजतात.

ए-४०२: काका, आम्ही तर आयुष्यभर फुंकरच मारली. आणि चालायची की!

सी-३०३: चालायची ती काढून परत घातल्यामुळं. दात नीट बसायचे.

बी-२०४: काका, चालली!!! पिवळी-पांढरी-लाल वायर नव्या टीव्हीला लावली आणि मारिओ आला. हात थरथरत होते खरंच.

ए-४०२: कसलं भारी! पोरांना आवडला का?

बी-२०४: तेच सांगायला लिहितोय, जरा लांबेल. बारक्याच्या हातात रिमोट दिला आणि ठरवलं, आपण तोंड उघडायचं नाही. पहिल्या स्क्रीनवर एकही सूचना नाही. मारिओ डावीकडं उभा, उजवीकडं मोकळं रान, म्हणजे जायचं तिकडंच. समोरून तो तपकिरी गडी चालत येतो. बारका त्याला तीनदा धडकला आणि तीनदा मेला. चौथ्यांदा उडी मारली, नेमका डोक्यावर पडला, गडी चपटा. बारक्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "पप्पा, असं आहे होय!"

१९८५ ला जपानच्या निन्टेंडो कंपनीतल्या मियामोतो आणि तेझुका यांनी हा गेम केला, तेव्हा त्यांच्याकडं जागा होती फक्त ४० केबी. आपल्या ग्रुपवर सकाळी येणारं फुलाचं चित्र त्याहून मोठं असतं. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकाच चित्राचे केलेत, फक्त रंग बदललाय. आज मुद्दाम जवळ जाऊन बघितलं, खरंच तेच. एवढ्याशा जागेत त्यांनी न बोलता शिकवायची सोय केली. मेलास तर का मेलास ते तुला त्याच क्षणी कळतं, आणि पुढच्या वेळी ते सुधारणं तुझ्या हातात असतं. मला वाटतं गोडी इथंच आहे. नंतर मी खेळायला बसलो. पहिल्या खड्ड्याच्या अलीकडं हवेत जादा जीव दडवलेला आहे. डोकं विसरलं होतं, पण अंगठ्यानं बरोबर तिथं उडी मारली. पंचवीस वर्षांनी.

डी-१०१: बाळा, वाचून बरं वाटलं, पण मनातलं सांगते. पोरं आधीच दिवसभर मोबाईलमध्ये असतात. त्यात आणि हे कशाला?

बी-२०४: काकू, तुमची काळजी रास्त आहे. मलाही तीच आहे. पण फरक डोळ्यांनी बघितला. यात जाहिरात येत नाही, पैसे भरून जीव विकत घ्या म्हणत नाही, उद्या परत ये म्हणून आठवण करत नाही. तीन जीव संपले की खेळ संपतो. बारका पाऊण तासानं आपणहून उठला आणि खाली सायकल खेळायला गेला. मोबाईल असा कधी खाली ठेवलेला मी बघितला नाही.

ए-४०२: आणि काकू, एकट्यानं खेळायची ही वस्तूच नव्हे. आमच्याकडं रणगाड्यांचा गेम होता, बॅटल सिटी. एक रणगाडा पिवळा, एक हिरवा, मधे विटांच्या आड आपला गरुड. एका लेव्हलला शत्रूचे २० रणगाडे. एकानं गरुड राखायचा, दुसऱ्यानं पुढं जायचं. आपल्याच माणसाला गोळी लागली की तो थोडा वेळ गोठतो. यावरून ताईची आणि माझी जेवढी भांडणं झाली तेवढी कशावरून झाली नाहीत. आणि तिनं केलेला बचाव मला अजून आठवतो.

सी-१०२: कॉन्ट्रा गेममधला धबधबा विसरलात व्हय? जो घाईनं वर चढायचा, त्याच्यामुळं खालचा मरायचा. थांब रे थांब रे म्हणून ओरडायचो आम्ही.

ए-४०२: वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए 🙏

सी-१०२: ही बटणं ओळीनं दाबली की ३० जीव! हा कोड आधी १९८६ च्या ग्रेडियस गेममध्ये आला. हाशिमोतो म्हणून कोनामी कंपनीचे प्रोग्रॅमर होते. तपासायला खेळताना त्यांना स्वतःलाच तो गेम जड जायचा, म्हणून ही वाट करून ठेवली. जपानातली ती खूण आपल्या सांगलीतल्या शाळेच्या बाकापर्यंत कशी पोचली असेल, याचं मला अजून नवल वाटतं. इंटरनेट नव्हतं की हो. कुणाच्या तरी मावसभावाकडून आली असणार.

सी-३०३: स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमधला मुस्तफा कुणी खेळलंय?

ए-४०२: सगळ्यांनी, काका! त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३. ते कुणाला माहीत होतं? धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा सगळ्यांना हवा असायचा, म्हणून गेमलाच त्याचं नाव पडलं.

डी-१०१: मला ते काही कळत नाही. पण ह्यांनी एकदा हातातला विटांचा गेम आणला होता, जत्रेतून. दुपारी पोरं शाळेत गेली की मीच खेळायची. लांब पट्टीसाठी कडेचा एक कप्पा रिकामा ठेवायचा आणि वाट बघायची. ती आली की चार ओळी एकदम जायच्या. डोकं शांत व्हायचं. फडताळात डबे रचताना अजूनही मी तसंच बघते, कुठला कुठं बसेल ते.

बी-२०४: काकू, तो टेट्रिस! १९८४ ला मॉस्कोत पाजितनोव्ह यांनी केला. चार चार चौकोनांचे सातच आकार, त्यात एक जास्त नाही, एक कमी नाही.

डी-१०१: सातच? मला ते शंभर वाटायचे.

बी-२०४: काका, एक अडचण आहे. बदकं मारायच्या गेमची बंदूक चालत नाही. बदकं उडतात, पण एकही पडत नाही.

सी-३०३: नव्या टीव्हीवर नाहीच चालणार. ती बंदूक गोळी सोडत नाही, ती बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड त्या ठरलेल्या क्षणी दिसला, तरच नेम लागला. जुन्या डबा टीव्हीवर चित्र लगेच उमटायचं. हे सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतात, तोवर बंदुकीचं बघणं संपलेलं असतं. माझ्या कुपवाडच्या गाळ्यात २१ इंची जुना टीव्ही आहे, चालू आहे. आणू का?

सेक्रेटरी: आणा काका. रविवारी ४ ला हॉल मोकळा आहे. भडंग माझ्याकडून.

डी-१०१: तो विटांचा गेम असला तर मी पण येईन.

बी-२०४: कॅसेटमध्ये आहे काकू. बसायला खुर्ची पुढं ठेवतो.

सी-३०३: टीव्ही जड आहे, जिन्यानं चढवायला दोघं जण लागतील.

बी-२०४: एक मी. दुसरा दादा. आत्ताच फोन केला, शनिवारी रात्रीच्या एसटीनं पुण्याहून येतोय. म्हणाला, दोन नंबरच्या रिमोटला कुणाला हात लावू देऊ नको.