मदत हवी आहे: आई-बाबांचा शेंगेन व्हिसा, मध्ये लंडन, ९० दिवस कसे मोजायचे?

मंडळी, हल्लीच कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला असतो (शेंगेन म्हणजे युरोपातल्या देशांचा एकच सामायिक व्हिसा असलेला गट, जर्मनी त्यात आहे). आई-बाबा १ ऑगस्टला नाशिकहून येतायत. वहिनीची डिलिव्हरी सप्टेंबरमध्ये, लंडनला, म्हणून मधले तीन आठवडे ते दादाकडे जाणार (नंतर वहिनीची आई येतेय), मग परत आमच्याकडे आणि इथूनच मुंबईला. कुठल्याही १८० दिवसांत शेंगेनमध्ये जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं हा नियम आता पाठ झालाय, यायचा आणि जायचा दिवस दोन्ही धरतात हेही कळलं. म्हणजे १ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर ४५ झाले, ५ ऑक्टोबरला परत आले की उरलेले ४५ दिवस १८ नोव्हेंबरला संपतात, यूके शेंगेनमध्ये नाही म्हणून तिथले दिवस धरायचे नाहीत. बरोबर ना?

आमच्या ओळखीतले एक काका मात्र ठासून सांगतायत की एकदा बाहेर पडलं की मीटर शून्यावर येतो, दुबईला चार दिवस काढा आणि नवीन ९० घ्या. मला हे पटत नाही, कारण कुठल्याही दिवशी तपासलं तरी त्या दिवसापासून मागचे १८० दिवस बघतात, त्यात दुबई करून काय होणार? शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून ती ईईएस (एंट्री/एक्झिट सिस्टिम) सुरू झालीय, बॉर्डरवर फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन एंट्री-एक्झिट कॉम्प्युटरवर जातं, त्यामुळे शिक्का पुसट आहे वगैरे जुगाड आता विसरा.

खरी अडचण वेगळीच आहे. पासपोर्ट एक आणि व्हिसे दोन. आधी यूकेचा करायचा की शेंगेनचा? शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो म्हणून वेळ आहे, पण एकाने पासपोर्ट अडकवला तर दुसऱ्याची अपॉइंटमेंट जाईल याची भीती. आणि शेंगेनवाल्यांनी सिंगल एंट्री दिली तर लंडनहून परत यायचं कसं?

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर्ड, पेन्शन आहे, खर्चाचं हमीपत्र मी इथल्या आउसलेंडरबेहोर्डंमधून (परदेशी नागरिकांचं सरकारी ऑफिस) करून पाठवणार आहे. तरी मामा म्हणतोय बाबांच्या खात्यात चार-पाच लाख टाकून ठेव, बॅलन्स बरा दिसेल. टाकू का?

प्रतिसाद १:
हिशोब बरोबर आहे ताई. काकांचं ऐकू नका, ओव्हरस्टे झाला तर दंड आणि पुढच्या वेळी एंट्री बंदसुद्धा होऊ शकते. मी तुमच्या जागी असतो तर आधी यूकेचा व्हिजिटर व्हिसा केला असता, तो साधारण सहा महिन्यांचा मिळतो, आणि तो हातात असला की शेंगेनच्या फॉर्ममध्ये मल्टिपल एंट्री का मागतोय हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. कव्हरिंग लेटरमध्ये तारखा स्पष्ट लिहा. व्हिसा हातात आला की स्टिकरवर तीन गोष्टी बघा: एंट्रीपुढे ०१ (एकदाच) आहे की मल्ट (मल्टिपल), किती दिवस राहता येईल, आणि कुठल्या तारखेपर्यंत वैध आहे. ही तारीख १० नोव्हेंबर आली तर दिवस शिल्लक असूनही काही उपयोग नाही, निघावंच लागतं. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा आणि १८ नोव्हेंबरपर्यंतचा घ्या, लोक पहिल्याच मुक्कामाचा घेतात.

खात्यात पैसे टाकू नका. तीन महिन्यांचं स्टेटमेंट बघतात, पेन्शनच्या मध्येच एकदम पाच लाख दिसले की उलट शंका. तुमचं हमीपत्र त्यासाठीच आहे, फक्त ते केल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्जाला जोडावं लागतं.

प्रतिसाद २:
एक भर. वीकेंडला झुरिकला नेलंत तर ते दिवसही ९० मध्येच, स्वित्झर्लंड ईयूत नसलं तरी शेंगेनमध्ये आहे. आमच्याकडे यावरून बरीच वादावादी झाली होती. फी ९० युरो माणशी, सेंटरचा चार्ज वेगळा.

धागाकर्ती:
दोघांचेही खूप आभार. मग आधी यूके. आता एकच, आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे आणि बाबांच्या पेन्शनच्या कागदावर सासरचं. लग्नाचा दाखला इंग्रजीत करून जोडला की चालेल, की अफिडेव्हिट पण लागेल? नाशिकमध्ये कुणी हे केलंय का?